यादीतलं बारावं नाव

औसा
९ नोव्हेंबर २००८, रविवार

प्रिय धुरपता,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. फोनवरच बोलावं म्हणून दोनदा तुझा नंबर लावला. पण तू "हॅलो बाई, बरी हाय का तब्येत?" म्हणालीस आणि मी बीपीच्या गोळ्यांचं, थंडीचं काहीबाही बोलून फोन ठेवून दिला. जे सांगायचंय ते तुझा आवाज ऐकत मला सांगता येणार नाही, म्हणून आज लिहायला बसले. पत्र लांबेल. मुलांना शाळेत पाठवून, सवडीने वाच.

इकडचं काय सांगू? शाळा चालू आहे म्हणायची. दहावीचे वर्ग दुपारी दोनला रिकामे होतात. लातूरच्या क्लासच्या गाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात आणि पोरं डबे तसेच बंद घेऊन पळतात. खेळाचा तास वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणित होतं. मी मुख्याध्यापक झाल्यावर हे बदलीन असं मला वाटलं होतं. पहिल्या वर्षी भांडले, दुसऱ्या वर्षी विनंती केली, आता मीच त्या वेळापत्रकावर सही करते. पालक येतात ते एकच विचारायला, की बाई, किती टक्क्यांची पोरं निघाली तुमची? परवा एकजण मुलीचा भालाफेकीचा दाखला घेऊन आले. मला वाटलं, कौतुकाने दाखवायला आणलाय. तर म्हणाले, याचे किती गुण वाढतील ते सांगा, नसतील वाढत तर तिचं खेळणं बंद करून टाकू. मी नियम पाहून सांगते म्हटलं. त्या मुलीने भाला किती लांब टाकला, हे विचारायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही. अशी झालेय मी.

तुला आठवतं का गं, मी खो-खोकडे आले कशी? नांदेडची मुलगी मी, मराठी शिकवायला लागलेली, मैदानाशी माझा संबंध सावलीत बसण्यापुरता. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाईमाणूस पाहिजे, आणि शाळेत बाई मी एकटी. पहिल्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं, की एकदम नऊजणी खेळतात तर उरलेल्या तिघी कशाला? तू हसू दाबून म्हणालीस, "बाई, पाय मोडला एखादीचा तर कोण खेळंल? बारा लागतात्या." तुम्ही मला शिकवलंत तो खेळ. पायात चपला नाहीत, काट्याकुट्यातून पाच किलोमीटर चालत येणारी तू. शेवटच्या खांबाशी अशी वळायचीस की पाठलाग करणारी पोरगी सरळ पुढे निघून जायची आणि मागे वळून बघायची, ही गेली कुठं?

मग ते वर्ष आलं. तू दहावीला होतीस. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्या पहाटे जमीन हलली. शाळेच्या भिंतींना तडे गेले तेवढंच. तुझं गाव मात्र दगडमातीचा ढीग झालं. तिसऱ्या दिवशी मी मदतीच्या ट्रकमध्ये बसून तिथे आले तेव्हा तुझी आई आणि धाकटा भाऊ गेल्याचं मला वाटेतच कळलं होतं. किशनभाऊ, तुझे वडील, पाय चिरडून सोलापूरच्या दवाखान्यात. मला वाटलं, तू कुठेतरी कोपऱ्यात बसलेली सापडशील. तू ढिगाऱ्यावर उभी होतीस. बाहेरून आलेल्या जवानांना गल्ल्या कुठे होत्या तेच कळत नव्हतं, आणि तू आणि संघातल्या चार पोरी त्यांना दाखवत होतात, हे कोणाचं घर, तिथं किती माणसं निजत होती, चूल कुठल्या बाजूला. एका जागी ते थांबायला तयार नव्हते. तू त्या साहेबाची बाही धरलीस. "इथं सरजाबाईचं घर हाय. तिचा आवाज लई बारीक हाय, कान लावून ऐका." त्यांनी कान लावला. दोन तासांनी सरजाबाई जिवंत निघाली. आणखी नऊ वर्षं जगली ती. त्याचा दाखला तुला कोणी दिला नाही. शाळेच्या गौरवफलकावर मी वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा रंगवून घेतलं, पण हे कुठल्या सदरात बसवायचं ते आम्हाला सुचलं नाही.

महिन्याभराने तू शाळेत आलीस, कोणीतरी वाटलेल्या मोठ्या मापाच्या ड्रेसमध्ये. विभागीय स्पर्धा नोव्हेंबरात नांदेडला होती. मी म्हटलं, तू नाही आलीस तरी चालेल. तू म्हणालीस, "पत्र्याच्या शेडात बसून काय करू बाई? तिथं समदे रडायलेत." तो नांदेडचा सामना मी अजून विसरलेले नाही. शेवटच्या डावात तू साडेचार मिनिटं कोणाच्या हाती लागली नाहीस. बसलेल्या पोरी थकल्या, पंच घड्याळाकडे बघत राहिले, आणि माझ्या माहेरचं ते मैदान टाळ्या वाजवत उभं राहिलं. माझी आई बघायला आली होती. तिने तुला जवळ घेतलं, तेव्हा तू पहिल्यांदा रडलीस. आपण राज्य स्पर्धेला निघणार होतो. जानेवारीत, सांगलीला.

इथवर तुला सगळं माहीत आहे. यापुढचं नाही.

डिसेंबरात एका दुपारी पंचाक्षरी आप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष, तुम्ही पोरी त्यांना घाबरून असायचात. चहा मागवला. त्यांची पुतणी मनस्विनी तुझ्याच वर्गात, हुशार, पहिली-दुसरी येणारी. तेव्हा लातूरच्या त्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळणं म्हणजे डॉक्टर झाल्यासारखंच वाटायचं लोकांना. राज्य पातळीवर खेळलं की वाढीव गुण मिळतात, हे आप्पांना कोणीतरी सांगितलं होतं. ते ओरडले नाहीत. उलट समजुतीने म्हणाले, "बाई, त्या धुरपताचा बाप दवाखान्यात. ती काय सांगलीला जातीय? तिच्या जागी आपल्या मनूचं नाव घाला. खेळायचं न्हाई तिला, बसून राहील. पोरगी लातूरला लागली तर शाळेचंच नाव हाय." मी म्हटलं, धुरपता आपली सगळ्यात चांगली खेळाडू आहे. त्यावर त्यांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव जिल्ह्याला जायचाय न्हवं अजून?"

एवढंच. यापलीकडे एक शब्द नाही. मला तिसरं वर्ष होतं, नोकरी कच्ची होती. आमचे हे, उद्धवराव, नोकरीला होते तो कारखाना तेव्हा बंद पडला होता हे खरं, पण ते कारण म्हणून सांगत नाही. कारण शोधायला गेलं की सापडतंच. मी वर्गात आले, यादी काढली आणि तुझ्या नावावर रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली होती.

मग तुला सांगायचं होतं. धुरपता, मी तुला काय सांगितलं ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, तुझ्या जन्मतारखेचा कागद भूकंपात गेला, नवीन मिळायला वेळ लागेल, त्याशिवाय स्पर्धेवाले नाव घेत नाहीत. ते खोटं होतं. तुझी जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होती, सुरक्षित, माझ्या मागच्या कपाटात. तू उभी होतीस तिथून हात लांब केला असतास तर ते कपाट लागलं असतं. तू म्हणालीस, "असू द्या बाई. त्यानं आई नेली, भाऊ नेला, आता कागद बी नेला. तुमचा काय इलाज?" आणि वर मलाच पाणी आणून दिलंस, माझा चेहरा उतरला म्हणून.

तुझ्या एवढ्या मोठ्या दुःखाच्या आड मी लपले. पंधरा वर्षं मी स्वतःला पुष्कळ काही समजावत आले, पण हे कुठे बसवता येत नाही.

सांगलीला आपण दुसऱ्या फेरीत हरलो. राखीव दोघी आधीच उतरल्या होत्या, त्यात आणखी एक पोरगी पाय मुरगळून बसली, आणि बदली म्हणून मनस्विनीला उतरवण्याची माझी छाती झाली नाही. आठजणीच खेळल्या. परत आलो तर तू एसटी स्टँडवर उभी, हातात झेंडूचे हार. हरलो हे कळल्यावर तू हार परत पिशवीत घातले नाहीस, प्रत्येकीच्या गळ्यात घातलेस, मनस्विनीच्यासुद्धा. ती पोरगी मान खाली घालून उभी होती. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

ती भेटली मला गेल्या दिवाळीआधी. लातूरला दवाखाना आहे तिचा. माझं बीपी तपासताना जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाली, "बाई, ते वाढीव गुण मला लागलेच नाहीत. त्यांच्याशिवाय प्रवेश मिळाला. काकांनी उगीच घोळ घातला." मग पट्टा सोडता सोडता हळूच म्हणाली, "धुरपताला कधी सांगायचं धाडस झालं नाही मला. तुम्ही सांगितलंत का?" मी हो, सांगितलं, असं म्हणाले. बघ, तिथेही खोटंच बोलले.

तू पुढे काय काय केलंस ते मी दुरून पाहत आले. दहावीनंतर शाळा सुटली, अठराव्या वर्षी शिरूर अनंतपाळला लग्न. हनुमंतराव समजूतदार निघाले हे नशीब. लेकरू कडेवर घेऊन तू बी.ए. केलंस, मग बी.पी.एड. तासिकांवर का होईना, खेळाची शिक्षिका झालीस आणि पाच वर्षांत त्या ओसाड माळावर संघ उभा केलास. दरवर्षी निकाल लागला की तुझा पहिला फोन मला. मागच्या वर्षी पेपरात तुझ्या मुलींचा फोटो आला, खाली तुझं वाक्य, "आमच्या विशाखाबाईंनी मला घडवलं." ते कात्रण शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी चिकटवलं. मी दुसऱ्या दिवशी लवकर येऊन ते काढलं. सगळ्यांना वाटलं, बाईंना मोठेपणा आवडत नाही.

मी माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि मग माझं ओझं उतरेल, तुझं तेवढंच राहील.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंयस, वीस तारखेच्या गुरुवारी राज्य स्पर्धेची यादी जायची आहे आणि तुमच्या संस्थेने तिच्यातून बबिताचं नाव काढून लातूरला क्लास करणाऱ्या एका मुलीचं नाव घालायला सांगितलंय. बबिताचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, विचारायला कोणी येणार नाही. नाही ऐकलं तर पुढच्या वर्षी तुझ्या तासिका बंद. आणि शेवटी तू विचारलंस, "बाई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" धुरपता, मी तुझ्याच जागी होते. काय केलं ते वर लिहिलंय. नोकरी टिकली. मान्यता आली, पगार आला, ही खुर्ची आली. तुला धीर देण्यासाठी मी असं म्हणणार नाही की बबिताचं नाव ठेवलंस तर सगळं नीट होईल. कदाचित तुझी नोकरी जाईल. तुमच्या संस्थेचा मला काही भरवसा नाही, आणि भांडायची ताकद आता माझ्यात फारशी उरलेली नाही. होती तेवढ्यात एक केलं. सांगलीच्या त्या यादीबद्दल सगळं खरं, माझ्या नावानिशी आणि सहीनिशी, जिल्हा क्रीडा कार्यालयाला लिहून काल रजिस्टरने पाठवलं. त्याची नक्कल सोबत आहे. माझं जे व्हायचं ते होईल. संस्थेचे लोक दटावायला आले तर हा कागद त्यांच्यापुढे ठेव, आणि माझ्याबद्दल कोणी विचारलं तर मला सांभाळून घेऊ नकोस, जे घडलं ते सांग. बबिताला यातलं काही कळायची गरज नाही. तिला फक्त सांग, की गुरुवारी यादी जाते आहे आणि यादीत तिचं नाव आहे.

तुझीच,
विशाखाबाई