फोनवरून वाचलेलं गाऱ्हाणं

बाबा, काल पूजेत सगळ्यांच्या वतीने मी देवाला गाऱ्हाणं घातलं. तुमची लेक, जिला मालवणीत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, तिने! विक्रोळीच्या आपल्या चाळीचा टॉवर झालाय, त्यातली ही पहिली सत्यनारायणाची पूजा. सेक्रेटरी म्हणाले, "चाळीत तुझे बाबाच घालायचे ना? मग तूच घाल. टेन्शन काय घेतेस?" मी ऑफिसात चहा पिता पिता फोनवरच्या एआयला सांगितलं, नव्या इमारतीसाठी मालवणी गाऱ्हाणं लिहून दे. कप खाली ठेवायच्या आत लिहून तयार. आणि वाचून मी हादरलेच. "घरां उंच दिलंस, आता दारां उघडी ठेवची बुद्धी दी रे म्हाराजा!" त्याला ना गाव, ना आजोळ. हे सुचलं कुठून?

राग मानू नका, पण ते तुमच्याहून सरस होतं. तुमची वाक्यं मध्येच तुटायची, आई मागून पुढचा शब्द सांगायची. मात्र आदल्या संध्याकाळी तुम्ही खोलीखोलीत चहाला जायचात आणि विचारायचात, "देवाकडे काय मागूचा हा?" कोपऱ्यातल्या काकांची नोकरी गेली त्या वर्षी तर तुम्ही देवालाच दम देताय, "ह्याका काम दी, नायतर पुढच्या वर्षी तुका परसादाचो शिरो मिळाचो नाय!" सगळी चाळ हसतेय, काका डोळे पुसतायत, आणि मी तुमचा सदरा धरून उभी आहे.

काल "व्हय म्हाराजा!"नं लॉबी दणाणली. लोक व्हिडिओ काढत होते, मी हवेत होते. तेवढ्यात काकी जवळ आल्या. चाळीत आपल्या शेजारी होत्या त्याच, आता समोरच्या फ्लॅटमध्ये असतात. माझं कोपर धरून म्हणाल्या, "माज्या चेडवाचा नाव कित्याक नाय घेतलंस गो? उद्या तेचा ऑपरेशन आसा."

बाबा, त्यांच्या लेकीचं ऑपरेशन, आणि मला माहीतच नव्हतं. दारासमोर दार, आणि माहीत नव्हतं! मी सांगितलं असतं तर एआयने तेही झकास लिहिलं असतं. पण त्याला सांगायला मी कुणाकडे चहाला गेले होते?

सगळे प्रसादाकडे वळले होते, त्यांना थांबवलं. फोन पर्समध्ये टाकला. "देवा म्हाराजा, काकींच्या चेडवाक..." म्हणाले आणि अडले. पुढचं मराठीतच कसंबसं मागितलं. "व्हय म्हाराजा" आलं ते विस्कळीत, दबक्या आवाजात. काकी मात्र हात जोडून माझ्याकडे बघत होत्या, आणि मला धडकी भरली.

मशीनला काय, नुसते शब्द येतात, देवावर त्याचा विश्वास थोडाच असतो, असं मी तोऱ्यात म्हणणार होते. पण तुम्ही गेल्यापासून माझा तरी कुठे उरलाय? तुम्ही असतात तर हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नसती, म्हणून कागदावर. काकी सकाळीच हॉस्पिटलात गेल्या. फोन अजून आलेला नाही, आणि मी हात जोडून बसलेय, कुणापुढे ते माझं मलाच ठाऊक नाही.