यादीतलं नाव

मुलुंड,
७ एप्रिल २०२५

प्रिय सुयोग,

प्रभूच्या नावाने सलाम. श्वेताला आशीर्वाद. दहिसरच्या डासांनी तुम्हा दोघांना अजून शिल्लक ठेवलं असेल, असं धरून चालते.

मी बरी आहे. गुडघा माझ्यावर कुरकुरतो, मी त्याच्यावर. फोन केला नाही, कारण तू 'ताई' म्हणालास की मी भाजीचे भाव सांगत बसेन आणि मुद्दा राहून जाईल.

काल चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना होती. द्राक्षरसाचे पेले भरायचं काम अजून माझंच. चर्चच्या मंडळीची चिटणीस मी, कोण येतं, कोण नाही, सगळं पाठ. मोजून साठ भरले. आणि बारा वर्षं न फिरकलेल्या जानकीबाई शेवटी येऊन उभ्या राहिल्या. तबक रिकामं. माझा पेला त्यांना दिला. नंतर पाळकसाहेब म्हणाले, "वसुधाबाई, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला म्हणता ना? मग पेले मोजून कशाला भरता?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून आपलं वाजलं होतं. लग्नानंतर तू श्वेताच्या चर्चच्या मंडळीत जाऊ लागलास आणि एकदा जेवताना म्हणालास, देवाने आपले लोक आधीच निवडलेत, ख्रिस्त त्यांच्यासाठीच मेला. मी ताटावरून उठले. कृपा सगळ्यांसाठी आहे, घ्यायची की नाकारायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, असं ओरडले. मला अजून तसंच वाटतं, उगाच आशा लावून बसू नकोस.

पण पुढे आपल्या मंडळीच्या यादीतून तुझं नाव गेलं, ते पाळकसाहेबांनी काढलं असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. नाव मी खोडलं, आणि त्यांना सांगितलं की तुझीच तशी इच्छा आहे. देव कोणाला वगळत नाही म्हणून तुझ्याशी भांडले, आणि तुलाच वगळलं. फार लाज वाटते रे.

आज सकाळी त्यांना खरं काय ते सांगितलं. आधी रागावले, मग चहा दिला. म्हणाले, नाव परत लिहायचं का, ते सुयोगलाच विचारा. म्हणून विचारते. नको म्हणालास तरी ईस्टरला श्वेताला घेऊन जेवायला ये. मटण करणार आहे. वाद घालायचा तर खुशाल घाल, यावेळी मी ताटावरून उठणार नाही.

तू मला क्षमा करावीस हे देवाने आधीच ठरवलेलं असेल, तर या एका बाबतीत तुमची मंडळी बरोबर निघू दे.

तुझी चुकलेली ताई,
वसुधा