मोजण्याइतकाही नाही

तुर्कू, नोव्हेंबर

प्रिय इल्मारी,

माझं मूत्रपिंड तुला बसवण्याआधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की माझ्या अंगात नागीण या आजाराच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू झोपलेला आहे, तोही तुझ्याकडे येईल. तू हसलास. "लहानपणी ताईच्या कांजिण्याही मलाच मिळाल्या होत्या," म्हणालास.

औषधांनी तुझी प्रतिकारशक्ती दाबली आणि तो जागा झाला. दर तपासणीत त्याचा आकडा चढतच गेला, तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत.

तू गेल्यावर इस्पितळाला रुग्णांशी ताडून पाहायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. मी दिलं. काल नर्स म्हणाली, "तुमच्या रक्तात तो मोजण्याइतकाही नाही. ठणठणीत आहात."

तुझ्यात तो कुठून आला, हे आईला ठाऊक नाही. तपासणी चांगली आली, एवढंच मी सांगितलं. तिने माझा हात धरला.

"एक तरी लेकरू धडधाकट राहिलं माझं," ती म्हणाली.

तुझी,
हेल्वीताई