झिजलेली नाणी धाकटीची

मी, जुन्या नाण्यांच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. हृदय दगा देतंय, डोकं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, आणि लाडीगोडीला भुलायचं माझं वय गेलं. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मं-निम्मं.

कलम २. दुकान, काटा आणि भिंग धाकटीला. यावर थोरल्याने तोंड वाकडं करू नये. दुकानात बस म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं.

कलम ३. लाकडी पेटीतली सोन्याची जुनी नाणी धाकटीला. त्यांत थोडं तांबं आहे. कडा झिजल्यात, एकावर दाताची खूण आहे, एका राजाच्या गालावर ओरखडा आहे. ती बाजारात हातोहात फिरलेली आहेत, म्हणून हौशी लोक त्यांना सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात. थोरला विकतो ती नवी नाणी शुद्ध सोन्याची, प्लॅस्टिकच्या डबीत बंद, सगळी एका साच्यातली. त्यांची किंमत त्या दिवशीच्या भावाएवढी. ती वाईट नाहीत, पण एक हरवलं तर दुसरं आणून ठेवता येतं.

कलम ४. परवा सदर पेटी उघडली तर आत नवी नाणी. थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, सोनं ते सोनं. ती कळकट नाणी वितळवली मी. त्याबदली नवी ठेवली, उलट वजनाला वरच भरतील." हे खरं असेल तर तो मूर्ख आहे, आणि मूर्खपणाला माझ्याकडे शिक्षा नाही. पण विकायला लपवली असतील तर त्याने ऐकून ठेवावं. जुनं नाणं लपत नाही. धाकटीला प्रत्येकाचा ओरखडा पाठ आहे. त्यांतलं एक जरी कधी विक्रीला दिसलं, तर घरातला थोरल्याचा हिस्सा धाकटीला जाईल.

कलम ५. सहीआधी वकीलबाईंनी वरचं सगळं मोठ्याने वाचलं. धाकटी म्हणाली, "आई, काढ ना ते चौथं. मला नकोत नाणी." मी नाही म्हटलं. थोरल्याने कपाळ पुसलं. "सही जरा थांबव," म्हणाला, "आलोच." उलट्यासुलट्या चपला घालून तो गेला.

डॉक्टर माझी नाडी धरून बसले. वकीलबाई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. तो आला आणि माझ्या पांघरुणावर रुमालाची पुरचुंडी ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धाकटीने भिंग लावलं, एकेक नाणं फिरवून पाहिलं. सगळी होती.

सबब कलम ४ मधली अट मी खोडते. घराचा हिस्सा थोरल्याचाच. नवी नाणी त्याने घेऊन जावीत. दुकानाची किल्ली त्याच्या हाती कधीही देऊ नये.

धाकटी विचारते, "मिळाली ना आई, मग आता रडतेस कशाला?" तिला काय सांगू? परवापासून मी एकच मागत होते, की ती खरोखर वितळलेली असोत.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: एकोणीस, दुपार
सही: मालकीणबाई, दोघांची आई
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर (सही)
२. वकीलबाई (सही)