संयोगिताचं माप

१२ जानेवारी
आले बाई एकदाची सासरी! कागलात सगळ्यांनी माझी आशा सोडलेली, पण बत्तिसाव्या वर्षी का होईना, उचगावात घर मिळालं. दारात जास्वंद, परड्यात म्हस. हे शिरोलीत फाउंड्रीत सुपरवायझर. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. मायाळू आहेत, लोणचं मात्र खारट ढ्याण घालतात. भिंतीवर ह्यांच्या पहिलीचा, संयोगिताचा फोटो. पोटाच्या कॅन्सरनं दोन वर्षांमागं गेली. मोरपंखी ब्लाउज, मुठीएवढी कंबर. मी तर भरलेलं पोतं. मेली गेली तरी पाठ सोडायची नाही असं दिसतंय.

२ फेब्रुवारी
हळदीकुंकवाला शेजारची मोना म्हणाली, संयोगिता लई नाजूक हुती की. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे ब्लाउज पेटीत जपून ठेवलेत. मोरपंखी चढवून बघितला, दंडातच अडकला.

१४ एप्रिल
आज दंड आत गेला! उपास नाही, काही नाही, दोन घासांतच पोट भरतंय. छातीखाली जळजळतं, पण दुकानातली गोळी घेतली की थांबतं. अजून हुक लागत नाहीत. लागतील. हरवते का नाही बघ तुला.

९ जून
आत्ती म्हणाल्या, संयोगिताबी अशीच ताट सारायची, गोळ्यांवर सहा महिनं काढलं आणि दवाखान्यात गेली तवा उशीर झालता. पोटात दुर्बीण घालून बघून घे पोरी, लवकर सापडलं तर बरं हुतंय. मला असा राग आला! माझं बारीक होणंसुद्धा तिच्याच नावावर? ह्यांना सांगायचं नाही म्हणून आत्तींना माझी शपथ घातली.

२९ जून
हुक लागले. सगळे! ह्यांच्यासमोर गेले तर ह्यांचंच तोंड पांढरंफटक. काढ तो, म्हणाले. अजून तिच्यावरच जीव आहे ह्यांचा.

११ जुलै
शौचाला काळं – डांबरासारखं. दारातली पायरी चढवेना. कुणाला सांगितलं नाही.

१८ जुलै
पेटीच्या तळाशी लग्नाचा अल्बम. नवरी – गुबगुबीत, माझ्यासारखीच. ओळखलीच नाही. भिंतीवरचा फोटो शेवटच्या वर्षातला.

मी काय मागत होते देवा –

१९ जुलै
ह्यांना सगळं सांगितलं. हे रडले. उद्या दुर्बीण.
मोरपंखी ढगळ झालाय. पेटीत त्याच्याखाली अजून एक – त्याहून लहान. तिचा शेवटचा. आत्ती नको म्हणतायत – मलाही घालायचा नाही – पण हात ऐकत नाहीत – एक बाही गेली – दुसरी – बसला तर –