माझी सेटिंगची फाइल लेकीच्या नावे

मी, खाली सही करणारी, प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकाची, म्हणजे आमच्या मशीनची, देखभाल करणारी, जिला तिथे सगळे ताई म्हणतात, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. फुफ्फुसांनी दगा दिला असला तरी डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवड नव्हती.

कलम पहिलं. राहतं घर, दोन्ही खोल्या आणि बँकेत असेल ते माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावं. मोरीचा नळ उलट्या बाजूने बंद होतो, हे तिला ठाऊक आहे.

कलम दुसरं. माझा कीबोर्ड विभागप्रमुखांना द्यावा. एंटरची कळ अडकते, जोर लावावा लागतो. "ताई, नुसतं चालू करून द्यायचं, त्यात काय एवढं?" असं ते दर वेळी म्हणायचे. आता कळेल.

कलम तिसरं. मशीनवरचं माझं खातं लगेच बंद करू नये. लॉगिन केलं की मशीन आधी सेटिंगची फाइल वाचतं: सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर कुठे आहे, कोणती लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा तयार प्रोग्रॅमचा संच, कोणत्या आवृत्तीची घ्यायची. ही फाइल ज्याची त्याने लिहायची असते. आमच्याकडे मात्र नव्या माणसाला सांगतात, "ताईंची फाइल लाव नि मोकळा हो." मग तो आपल्या फायलीत एक ओळ टाकतो, जी माझ्या फायलीकडे बोट दाखवते. नक्कल कुणीच करून घेतली नाही. माझं खातं पुसलं की सगळ्यांचं काम ठप्प होईल. लेकीचंही.

लेक त्याच मशीनवर भूकंपाच्या लाटांचं सिम्युलेशन करते. तिचे वडील गेले त्या आठवड्यातही मी कामावर गेले, हे तिने मनात धरलं. मला घरात बसवत नव्हतं. "जगाची मशीनं लावतेस, घरी आलीस की तोंडाला कुलूप! तुझी फाइलही नको मला," म्हणाली आणि घर सोडून गेली. माझी ओळही तिने काढून टाकली. तेव्हापासून ती प्रयोगशाळेत मागच्या जिन्याने येते-जाते. फार लागलं मला ते.

पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिच्या लाटा चालेनात. चुकीची लायब्ररी उचलली जात होती. मला माझ्या जागेवरून दिसत होतं, पण न बोलावता जायचं कसं? एके सकाळी पाहिलं, तर माझी ओळ तिच्या फायलीत परत आली होती. शेजारी टीप होती, 'तात्पुरतं'. त्याला आता बरेच दिवस झाले. ओळ तशीच आहे, टीपही.

कलम चौथं. माझी फाइल जशीच्या तशी लेकीच्या खात्यात उतरवावी, बाकीच्यांनी आपली ओळ तिच्याकडे वळवावी, आणि मगच माझं खातं बंद करावं. तिची ती जुनी ओळ मात्र दुसऱ्या कुणी काढू नये. टीप मशीन वाचत नाही; मी रोज वाचते. तिने ओळ ठेवली, तर दर लॉगिनला मशीन तिला कळवील की ही फाइल आता सापडत नाही, आणि पुढे जाईल. फाइल तिच्याकडेच असल्याने काम अडणार नाही.

वारसाला साक्षीदार होता येत नाही, म्हणून लेकीला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आली असती का, ते मला माहीत नाही.

साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
२. मशीनच्या खोलीचा एसी दुरुस्त करणारे काका (सही)

स्थळ: राहतं घर, आतली खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३

सही: ताई. लेकीसाठी, आई.