खाजकुइलीला उत्तर

१० जुलै
पहाटेपासून अत्याचार! खिडकीखाली खाडी, खाडीत पाणकणसं, पाणकणसांत पाणकोंबडी — आणि तिच्या घशात कुणीतरी कापड विणायचा बिघडलेला लूम बसवलाय. क्वाक्-क्वाक्-क्वाक्! आमच्या नवागामात माणसं लूमच्या खडखडाटात घोरतात. मला एक कोंबडी झोपू देत नाही! चहासुद्धा बेचव लागला. ("साखर राहिली," ही म्हणाली. तो मुद्दा वेगळा.)

या कोंबडीला राजाश्रय समोरच्या रंजनाताईंचा. साडी-फॉलचं दुकान, आवाज भोंग्याचा. गल्लीतल्या बायका गोळा करून त्यांनी खाडीतली जलपर्णी उपसली, काठाला पाणकणसं लावली, भोवती दोरी बांधली. कुणी कचऱ्याची पिशवी भिरकावली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

११ जुलै
साप्ताहिकाला लेख दिला. 'खाजकुइली' म्हणजे मी, हे फक्त संपादकाला ठाऊक. मथळा — 'माणसाला खोली मिळेना, कोंबडीला बंगला!' शेवटी सुचवलं, यंदा कानबाई देवीच्या विसर्जनासाठी पाणकणसं तोडून घाटच बांधा. नुसती गंमत.

१९ जुलै
अंक आला. कानबाई मंडळाचे वाल्मिकशेठ पानटपरीच्या गल्ल्यावर लेख मोठ्यानं वाचत होते. लोक पोट धरून हसले. मी शेजारीच, चुना लावत. अंगावर मूठभर मांस चढलं.

२० जुलै
वाल्मिकशेठ पोरं आणि कोयते घेऊन उतरले. निम्मी पाणकणसं आडवी! मी गंमत लिहिली, त्यांनी ठराव वाचला. चिखलात ठिपक्याठिपक्यांची अंडी, फुटलेली. उरलेल्या निम्म्याचा निर्णय पुढच्या रविवारी, बैठकीत.
रंजनाताई शिव्या न देता तुटलेली दोरी पुन्हा बांधत बसल्या. ते जास्त वाईट.

२१ जुलै
गाढ झोपलो. एकदाही जाग नाही. का, ते उठल्यावर लक्षात आलं. झोपेची लाज वाटणारा मी पहिलाच असेन.

२३ जुलै
रंजनाताई घरी. "भाऊ, तुम्ही शिकेल मानूस. त्या खाजकुइलीले जवाब लिखी द्या. मी बैठकमा वाचसू."
तिथेच सांगायला हवं होतं. "देतो," म्हणालो. वर त्यांनी आणलेले पोहेही खाल्ले!

२५ जुलै
टोमणा सुचायला दोन मिनिटं लागतात, विनवणी सुचत नाही. फाडून फाडून शेवटी साधं लिहिलं — आपली कानबाई बुडत नाही. खाडीवर न्हाते आणि तिच्या रूपातला नारळ परत देव्हाऱ्यात येतो. तिला सिमेंटचा घाट काय करायचा? तिला हवं नितळ पाणी. पाणकणसं ठेवली तर तेही मिळेल, आणि पाखरांना घर राहील. देवी आणताना लेकीबाळींना माहेरी बोलावतो आपण. अंड्यावर बसलेलीला हाकलून?
स्वतःलाच पटलं. वाचून आणखीच ओशाळलो.

२७ जुलै
बैठक. ताईंनी खणखणीत वाचलं. कुणी हसलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.
वाल्मिकशेठ उठले. "पन त्या खाजकुइलीनीच तं लिखेल शे, घाट करा म्हनीसन! तो काय येडा शे का?"
'हो, येडा आहे' — एवढंच म्हणायचं होतं. सतरंजीचे दोरे उपसत बसलो.
ठरलं असं : शनिवारच्या अंकात खाजकुइली काय म्हणतो ते बघायचं. तोवर कोयते बंद.

२९ जुलै
ताई रस्त्यात भेटल्या. म्हटलं, ताई, तुम्हाला एक सांगायचंय —
"माले म्हाईत शे, भाऊ. इतलं वाकडं नवागाममा दुसरं कोन बोलस? म्हनीसन तं जवाब लिखाले तुमनाकडेच उनी."
आणि गेल्या. दुकान उघडायचं होतं.

३० जुलै
शनिवारसाठी चार ओळी दिल्या — पाणकणसं राहू द्या, माझं चुकलं. संपादक म्हणाले, "ह्यात विनोद कुठाय?" म्हटलं, नाही. प्रुफात खाली 'खाजकुइली' छापलेलं होतं, ते खोडलं. लिहिलं — सुकदेव दगा पाटील, नवागाम.